दारफाळणीच्या सांजेला

फाळणी हा शब्द मला शाळेने शिकवला नाही. तो आमच्या घरात आधीपासून होता आणि ते एका सणाचं नाव होतं. दारफाळणीचा सण. आमची आत्या कोकणातली, समुद्राकाठच्या गावातली. तिच्या तोंडी 'फाळणे' म्हणजे लावून घेणे, बंद करणे. "पोरी, वारा येतोय, दार फाळ गो," असं ती रोज म्हणायची. सोलापुरात हा शब्द दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हता आणि मी तर जन्मापासून सोलापूरची. त्यामुळे शाळेत बाईंनी देशाची फाळणी शिकवली, कोण या बाजूला राहिलं, कोण त्या बाजूला अडकलं, एकेका घरातली माणसं कशी कायमची तुटली ते सांगितलं, तेव्हा मला सगळा उलगडा झाला. वर्षातून एकदा दार लागतं आणि माणसांची वाटणी होते. आतले वाचतात, बाहेरचे जातात.

हा उलगडा मी कुणापाशी बोलले नाही. विचारलं आणि खरंच निघालं तर काय घ्या! मी मुळातच भित्री. पालीला भ्यायची, गिरणीच्या भोंग्याला भ्यायची, शाळेच्या वाटेवरच्या पडक्या विहिरीला तर लांबूनच वळसा घालायची. घरातले हसायचे. पण दारफाळणीच्या भीतीवर कुणी हसलं नाही, कारण ती मी कधी दाखवलीच नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. आमच्या रेल्वे क्वार्टरच्या चाळीत हे समजावून सांगणं जिकिरीचं होतं. "म्हंजी किरिस्ताव का?" नाही. "मुसलमान?" नाही. त्यात आमच्यात प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढायचा. आणि ती मशीदही आमच्या गावात नव्हती. पूर्वी आमची दोन-तीन कुटुंबं होती, पण एक मुंबईला गेलं, बाकीची इस्राएलला. उरलो आम्हीच. रेल्वेच्या क्वार्टरमधल्या दोन खोल्या, हीच आमची मशीद.

आमच्या सणांची नावं बायकांनी चुलीपाशी बसून ठेवली असावीत. खिरीचा सण, बिरड्याचा सण, शिळा सण. बिरड्याचा सण म्हणजे खरं तर यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाचा दिवस, पण तो उपास वालाच्या बिरड्यावर सोडायचा म्हणून नाव बिरड्याचं. दुःखालाही आम्ही फोडणी घातली. फक्त या एका सणाच्या नावात खायचं काही नाही, नुसतं दार आहे.

त्याचा अर्थ आत्या सांगायची. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, वर देवाचं दार उघडतं आणि दहा दिवस उघडं राहतं. तेवढ्यात माणसाने आपलं काय चुकलं ते निस्तरायचं. देवाचा केलेला अपराध देव माफ करतो, पण माणसाचा केलेला अपराध त्या माणसानेच माफ करावा लागतो, तिथे देवाचंही चालत नाही. म्हणून ज्याचं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. मग दारफाळणीला वरचं दार लागतं. पुढच्या वर्षात कोण राहणार, कोण जाणार, हे ठरून गेलेलं असतं. तसं खाली आपणही दार लावायचं. दिवेलागणीला लावलेलं दार दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही. पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्याशी बोलायचं नाही, बाहेरच्याला शिवायचं नाही.

"आणि त्या सांजेला आपली गेलेली माणसं घरी येतात," आत्या म्हणायची. "त्यांना दार लागत नाही."

एवढं सांगून ती निवांत तांदूळ निवडायला घ्यायची. माझी झोप मात्र पुढचे आठ दिवस उडालेली असायची.

बाबा रेल्वेत ड्रायव्हर होते. मालगाडी, कोळशाचं इंजिन. त्यांना कायमचा खोकला होता, एक कोरडा ठसका आणि मागोमाग दोन बारीक. क्वार्टरच्या कोपऱ्यावर ते वळले की तो ऐकू यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. दारफाळणीला त्यांची रजा ठरलेली असे, कारण हिब्रू प्रार्थना फक्त त्यांना वाचता येत असे. आत्याला तोंडपाठ येत होतं ते थोडं, आईला तेवढंही नाही.

मी सांगतेय ते वर्ष दुष्काळाचं होतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात. पावसाने तोंड फिरवलं होतं, माणसं खडी फोडायच्या कामाला जात होती आणि आमच्या नळाला दिवसातून जेमतेम तासभर पाणी यायचं. तरी दारफाळणीच्या आदल्या दिवशीची आंघोळ चुकवायची नाही म्हणून आत्याने चार दिवस आधीपासून घरातली सगळी भांडी भरून ठेवली होती. आधी ऊन पाण्याने न्हायचं, मग गार पाण्याने. त्यानंतर कुणाला शिवायचं नाही. मी न्हाऊन अंगणात आले तर शेजारच्या काकूंचं लहान मूल रांगत येऊन माझ्या पायाला बिलगलं. काकू अक्कलकोटकडच्या, लिंगायत, घरात कानडी बोलणाऱ्या. त्यांनी जीभ चावली आणि मुलाला ओढून घेतलं.

"तुमचं सोवळं लई कडक हाय की वो, आत्याबाई," त्या म्हणाल्या. "आता पोरीला पुन्ना न्हाऊ घालनार?"

"पाणी कुठाय?" आत्या म्हणाली, आणि तिने तांब्याभर पाण्यावर माझी सोय लावली. मी शुद्ध झाले की नाही, ही एक नवी काळजी माझ्या मागे लागली.

बाबा त्याच्या आदल्या रात्री दौंडहून निघणार होते, म्हणजे त्या दुपारपर्यंत घरी. उपास सुरू होण्याआधी, उन्हं असतानाच सगळ्यांनी एकत्र जेवायचं आणि जेवण झालं की एकमेकांची माफी मागायची, अशी आमच्याकडे रीत. दुपार झाली, बाबा आले नाहीत. आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग ती दर थोड्या वेळाने फाटकापाशी जाऊन यायला लागली. पहिल्यांदा चप्पल घालून गेली, नंतर नंतर तशीच.

शेवटी तिने कुंपणावरून काकूंना हाक मारली. काकूंचे यजमान स्टेशनात कामाला होते.

"इचारलं की मी," काकू म्हणाल्या. "गाडी मोहोळच्या पल्याड हुबी हाय म्हनत्यात. का, ते कायबी सांगंनात."

"कधीपासून?"

"सकाळपासनं. तुमी घाबरू नगा, बाई. येत्याल की."

घाबरू नका म्हटलं की माणूस घाबरतो. आईच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं. आत येऊन ती माझ्याशी उगाच हसली. उन्हं भिंतीवर चढली होती. मला एकच दिसत होतं. दार लागायच्या आत बाबा उंबऱ्याच्या आत आले पाहिजेत. नाही आले तर ते फाळणीच्या त्या बाजूला गेले.

आम्ही जेवलो. आत्याने माझा हात हातात घेऊन, बोटांना बोटं लावून ती आपल्या ओठांना लावली. याला आम्ही हातबोशी म्हणतो. "वर्षभर तुला ओरडले असेन, माफ कर गो," ती म्हणाली. मी मान हलवली, पण माझे कान फाटकाकडे होते.

ऊन गेलं. आत्या पांढरं लुगडं नेसून दारापाशी येऊन उभी राहिली.

"अजून थोडं थांबू या," आई म्हणाली.

"सूर्य थांबला असता तर मीपण थांबले असते."

"त्यांना यायला उशीर झालाय. मुद्दाम तर केला नाही ना."

"वाटेत सणाचा दिवस लागला तर माणसाने जिथे असेल तिथे बसावं. तो जाणता आहे, बसेल." आत्याचा आवाजही काही खणखणीत नव्हता. पण तिने दार ओढलं आणि कडी घातली.

आजवर कितीतरी कड्यांचे आवाज ऐकले असतील. त्या कडीचा तेवढा कानात राहिला आहे.

"बाबा बाहेर राहिले," मी म्हटलं.

"उद्या येतील."

"उद्या आलेलं चालतं?"

"न चालायला काय झालं?" आत्या म्हणाली. मी काय विचारतेय ते तिला कळलंच नव्हतं, आणि नीट विचारायची माझी छाती नव्हती.

आईने तेलाचा दिवा लावला. तिने पुस्तकातलं मराठी वाचायला घेतलं, कारण हिब्रू वाचणारा माणूस बाहेर होता. आमच्या दारफाळणीच्या प्रार्थनेत देवाला पुन्हा पुन्हा विनवलेलं असतं की दार लागायची वेळ झाली आहे, पण आमच्यासाठी ते अजून लावू नकोस. आई ते वाचत होती आणि अडखळत होती. दोनदा तिने तीच ओळ वाचली. मी भिंतीला पाठ लावून बसले होते आणि रिकाम्या कोपऱ्यांकडे बघायचं टाळत होते, कारण ही आजोबांची यायची वेळ होती, आजीची होती, माझ्या जन्माआधीच गेलेल्या एका काकांची होती.

तेवढ्यात फाटक वाजलं.

पावलं अंगणात आली आणि दारापाशी थांबली. मग एक कोरडा ठसका, आणि मागोमाग दोन बारीक.

दार कुणीच वाजवलं नाही.

आईचं वाचणं बंद पडलं. आत्याने तोंडावर बोट ठेवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि मोठी माणसंसुद्धा भितात हे मला त्या क्षणी कळलं. तोवर मला भीती हा माझा एकटीचा उद्योग वाटायचा. बाबा असते तर त्यांनी हाक मारली असती. बाबा रोज हाक मारत. न बोलता दारापाशी उभं राहणारं कोण, आणि तेही या सांजेला? गाडी सकाळपासून उभी होती. का, ते कुणी सांगत नव्हतं. बाबा आले होते, पण ते गेलेल्यांबरोबर आले होते.

"कोण आहे?" आईने विचारलं. तिचा आवाज फाटला.

पायरीवर कुणी बसल्याचा आवाज आला.

"कोण आहे ते सांगा आधी!"

"मीच आहे," बाहेरून बाबा म्हणाले. "दार उघडू नकोस. मी आत येणार नाही."

मला एकदम आत्याचं वाक्य आठवलं, गेलेल्यांना दार लागत नाही. बाबा तर दाराबाहेर अडले होते. म्हणजे ते जिवंत होते! मला इतका आनंद झाला की मी रडायलाच लागले. पण तो आनंद फार टिकला नाही. जिवंत असले तरी बाबा बाहेर होते आणि आत यायला तयार नव्हते.

आई उठली. आत्या तिच्या आडवी आली. "त्याला रीत कळते. तो म्हणतोय ना, उघडू नको."

"सबंध दिवस देवाला सांगायचं, आमच्यासाठी दार लावू नकोस," आई म्हणाली, "आणि आपण आपल्या माणसाला बाहेर ठेवायचं? मला नाही जमायचं हे." आईने आत्याला उलट उत्तर दिलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तिने कडी काढली.

बाबा आमच्याकडे पाठ करून पायरीवर बसले होते. अंगावर निळे कपडे, तेलाचे आणि कोळशाचे. आई त्यांच्याशेजारी जाऊन बसली आणि हातबोशीसाठी तिने हात पुढे केला. बाबांनी आपले हात मागे घेतले.

"शिवू नकोस," ते म्हणाले. "या हातांनी मी त्याला उचललंय."

मग त्यांनी सांगितलं. सगळं सांगायला त्यांना फार शब्द लागले नाहीत. मोहोळच्या अलीकडे-पलीकडे कुठेच गवत उरलं नव्हतं, म्हणून धनगर आपली शेरडं रुळाच्या कडेला आणत. तिथे अजून थोडं हिरवं होतं. एक करडू रुळांवर गेलं. त्याच्यामागे एक म्हातारा धनगर गेला. बाबांनी शिट्टी दिली, देतच राहिले, ब्रेक लावला. पण भरलेली मालगाडी अशी जागच्या जागी थांबते होय? म्हाताऱ्याने एकदाही मान वळवली नाही.

"करडू वाचलं," बाबा म्हणाले.

"त्याची बायको पळत आली. मला वाटलं, मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, 'शिट्टी तुमी लई दिली की वो. पार रानात ऐकू आली आमाला. पर ह्यास्नी ऐकूच येत न्हवतं. तुमची काय चूक न्हाय.'"

"मग झालं तर," आई हळूच म्हणाली. "तिने माफ केलं ना?"

"तिने करून काय उपयोग? गेला तो. आता कुणाची माफी मागू?" बाबा वळले. ते दारात उभ्या असलेल्या आत्याकडे बघत होते. "आक्का, तूच सांगायचीस ना, आज गेलेली माणसं आपापल्या घरी येतात म्हणून? त्याला इतक्यात घरची वाट कशी सापडेल? मोहोळपासून मला वाटतंय, कुणीतरी माझ्या मागे मागे येतंय. स्टेशनातून इथवर चालत आलो, तेव्हाही वाटत होतं. त्याला मी घरात आणू? पोरगी आहे घरात."

अंगणात अंधार होता. फाटक उघडंच राहिलं होतं. मी फाटकाकडे बघितलं आणि लगेच डोळे मिटून घेतले. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी भ्यायले नाही, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. डोळे उघडले तेव्हा दिसलं की मी उंबऱ्याच्या आत होते. आई बाहेर, बाबा बाहेर, आत मी आणि आत्या. वाटणी माझ्या डोळ्यांदेखत झाली होती.

मी उंबरा ओलांडला आणि जाऊन आईच्या पाठीला चिकटले. यात शौर्य वगैरे काही नव्हतं. आईबाबांशिवाय वाचायची भीती मरायच्या भीतीपेक्षा मोठी निघाली, इतकंच.

आत्या बराच वेळ तशीच दारात उभी होती. मला वाटलं, ती आता दार लावून घेणार. तिने तसंच केलं. फक्त आधी ती बाहेर आली, मग दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

"दार फाळलं," ती म्हणाली. "कुठल्या बाजूला बसायचं, ते माझ्या बापाने सांगितलं नव्हतं."

ती गुडघ्यावर हात ठेवत खाली बसली. पांढरं लुगडं पायरीवरच्या धुळीत टेकलं, पण तिने ते सावरलं नाही. तिने बाबांना वेड्यात काढलं नाही. असं काही नसतं, असंही म्हणाली नाही. एरवी ज्या आवाजात ती मला जेवायला बसवायची त्याच आवाजात ती अंधाराकडे बघून म्हणाली, "एवढ्या लांबून चालत आलास. बस. वाट सापडेपर्यंत बस."

मी आत्याच्या कुशीत तोंड खुपसलं. आई मात्र जागची हलली आणि थोडी सरकून बसली. तिच्या आणि बाबांच्या मधे पायरीवर एका माणसापुरती जागा झाली.

बाबा किती तरी वेळ त्या जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला, हात जोडले आणि तिकडे तोंड करून माफी मागायला सुरुवात केली. हिब्रूत नाही, मराठीत. शेजारच्या काकू दिवा घेऊन दारात आल्या, चाळीतली आणखी दोन-तीन दारं उघडली, तरी त्यांनी आवाज खाली आणला नाही. ते ओरडून ओरडून बोलत होते, कारण त्या माणसाला ऐकू येत नव्हतं.